थ्रम : मागावर उरलेला हातभर धागा

(पहाट. अक्कलकोट रोडवरची एमआयडीसी. एका शेडचं दार अर्धं उघडं आहे, आतून मागांचा आवाज येतोय.)

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला शांततेत पटकन झोप येत नाही. त्याला भिंतीपलीकडे माग चालू लागतात. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून चार यंत्रमाग होते. रात्री वीज गेली की ते थांबायचे आणि त्या थांबण्यानंच आम्ही सगळे जागे व्हायचो. आजी अंधारात उठून बसायची आणि वीज येऊन पहिला माग सुरू झाला की पुन्हा आडवी व्हायची.

आज आपण अशाच एका थांबलेल्या मागापाशी उभे आहोत. वीज आहे. माग थांबलाय तो बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, संपल्यामुळे.

(बीमच्या लोखंडी नळीवर कॅमेरा. नळी उघडी पडली आहे.)

कापडात धागे दोन. उभा धागा म्हणजे ताणा, आडवा म्हणजे बाणा. इथल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत तेलुगू बोलतात. तेलुगूत ताण्याला पडुगु म्हणतात आणि बाण्याला पेक. मागाला मात्र तिन्ही भाषांत जवळजवळ एकच शब्द आहे. मराठीत माग, कन्नडात मग्ग, तेलुगूत मग्गम. या गावात तीन भाषा एकाच गल्लीत राहतात आणि गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या वस्तूला तिघींनी एकच नाव दिलंय, याचं मला लहानपणापासून फार अप्रूप आहे.

ताणा बीमवर गुंडाळलेला असतो. तिथून एकेक धागा वहीच्या, म्हणजे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या, डोळ्यातून येतो, मग फणीच्या दातांमधून येतो, आणि त्यानंतर कापड होतो. वही धाग्यांचे दोन थर करते, एक वर, एक खाली. मधल्या फटीतून धोटा जातो. धोट्याच्या पोटात कांडी असते, कांडीवर बाणा. धोटा गेला की फणी ठोकते, थर बदलतात, धोटा परत येतो.

आता इथं नीट बघा. बीम संपत आलं की ताण्याचं शेवटचं टोक नळीवरून सुटून पुढे येतं. पण ते टोक वहीपाशी पोचलं की विणणं थांबवावंच लागतं. धागे मागून ताणलेले नसतील तर थर उघडत नाहीत, फट पडत नाही, धोटा जाणार कुठून? म्हणून कापडाच्या कडेपासून वहीच्या मागेपर्यंत हात-दीड हात धागा न विणता राहतो. दर बीमला राहतो. विणकर कितीही हुशार असो, माग कितीही नवा असो, शेवटचा तेवढा धागा कापड होऊ शकत नाही.

(कात्रीचा आवाज. कापड उतरवलं जातं. मागावर धाग्यांची झालर लोंबते.)

या उरलेल्या धाग्यांना इंग्रजीत एक शब्द आहे. थ्रम.

आज इंग्रजी बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो या अर्थानं माहीत असेल. मला तो कॉलेजात असताना वाचनालयातल्या एका जाडजूड शब्दकोशात दिसला. शोधत होतो दुसराच शब्द. अर्थ वाचला : कापड कापून घेतल्यावर मागावर राहिलेली ताण्याची टोकं. मी कोश तसाच उघडा ठेवून बराच वेळ बसलो होतो. लहानपणापासून जी गोष्ट हातात घेऊन खेळलो, जिच्यानं पतंगाच्या शेपट्या केल्या, बहिणीच्या वेण्या बांधल्या, तिला कुठल्या तरी भाषेत स्वतःचं नाव होतं. माझ्याजवळ तिच्यासाठी ‘उरलेलं सूत’ यापलीकडे काही नव्हतं. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

(शीर्षक पडद्यावर.)

शब्द जुना आहे. जुन्या इंग्रजीत तो एकटा सापडत नाही, एका जोडशब्दात सापडतो : टुंगेथ्रम. टुंगे म्हणजे जीभ. आरशासमोर उभं राहून जीभ वर उचला. खाली मधोमध एक पातळ पडदा दिसतो, जिभेला तळाशी बांधून ठेवणारा. तो टुंगेथ्रम. जिभेचं टोक जिथं अडकलंय तो धागा. त्या काळच्या वैद्याला जिभेखाली बघताना मागावरचे धागे आठवले की विणकराला मागाकडे बघताना जीभ आठवली, कोण जाणे. पण दोघांच्याही डोळ्यांपुढे एकच चित्र असणार : काहीतरी संपतं, आणि संपता संपता एका तंतूनं धरून ठेवतं.

या शब्दाची भावंडं उत्तर युरोपभर आहेत. जुन्या नॉर्समध्ये थ्रोमर म्हणजे कड, काठ. डचमध्ये ड्रेउम म्हणजे हीच मागावरची टोकं. जर्मनमध्ये ट्रुम म्हणजे टोकाचा तुकडा, आणि त्याचं अनेकवचन ट्रुमर, म्हणजे पडलेल्या इमारतीचा ढिगारा, भग्नावशेष.

(जुन्या गिरणीच्या जागेवरचा शॉट. कुठलंही निवेदन नाही. पाच सेकंद.)

1877 मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली. लोक तिला जुनी गिरणी म्हणतात. मग आणखी आल्या. भोंग्यावर गाव उठायचं, भोंग्यावर जेवायचं. माझे आजोबा रात्रपाळीला जायचे तेव्हा आजी भाकरी बांधायची ती शेंगाचटणीसकट. एकेक करून त्या गिरण्या बंद पडल्या. यंत्रमागांनी गावातलं कापड चालू ठेवलं, चादर आणि टॉवेल चालू ठेवले. त्या पडक्या भिंतींना आणि मागावरच्या सुताला एका भाषेत एकाच कुळातला शब्द आहे, हे कळल्यापासून त्या रस्त्यानं जाताना मला तो आठवतोच.

आता आणखी मागे जाऊ, कारण तिथं आपल्या घरचंच कुणीतरी भेटणार आहे.

संस्कृत, लॅटिन, ग्रीक आणि इंग्रजी या एका मोठ्या कुटुंबातल्या भाषा. आपल्याकडे जिथं त, तिथं इंग्रजीच्या घराण्यात बहुतेक वेळा थ. आपलं त्रि, त्यांचं थ्री. आपलं तृण, त्यांचं थॉर्न, म्हणजे काटा. या हिशेबानं थ्रमचा थ उलगडला की तर असं मूळ निघतं. त्या मुळाचा अर्थ ओलांडणं, आणि ओलांडून जिथं पोचायचं ती हद्द. भाषाशास्त्रज्ञ याच मुळाशी लॅटिन टर्मिनस लावतात, म्हणजे सीमेचा दगड. संस्कृतातला तॄ धातूही तिथलाच. त्यातून आपलं तरणं, तीर्थ, अवतार.

सोलापूरचा माणूस रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसतो आणि सकाळी मुंबईला सीएसएमटीला उतरतो. त्या नावातला शेवटचा टी म्हणजे टर्मिनस. रूळ इथं संपतात. मागावरचा थ्रम म्हणजे ताण्याचं टर्मिनस, अगदी अक्षरशः. आणि तीर्थ म्हणजे मुळात नदी उतरून जायची जागा, उतार. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. चंद्रभागेच्या काठावर उभं राहून तीर्थ म्हणणारा वारकरी आणि माग थांबवून थ्रम म्हणणारा इंग्रज विणकर, दोघांचे शब्द एका बीजातून आलेत.

(चंद्रभागेचं वाळवंट. नंतर पुन्हा शेड.)

शब्द कोशात पडून राहिला असता तर एवढं सांगून मी थांबलो असतो. पण तो फिरला, आणि कुठंकुठं फिरला ते बघण्यासारखं आहे.

शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये काही कारागीर नाटक बसवतात. त्यांच्यात बॉटम नावाचा एक विणकर आहे. त्या काळी बॉटम म्हणजे ज्याच्यावर सूत गुंडाळतात तो गाभा. थोडक्यात, त्या विणकराचं आडनावच कांडी. तो नाटकातल्या नाटकात नायक होतो, प्रेयसी मेली असं समजतो आणि नियतीच्या देवतांना हाक मारतो : या, आणि धागाही कापा, थ्रमही कापा. ग्रीक कथांत या देवता तिघी. एक आयुष्याचा धागा कातते, दुसरी मापते, तिसरी कापते. आपण म्हणतो, आयुष्याची दोरी बळकट म्हणून वाचला. तीच ती दोरी. पण बॉटमच्या तोंडी थ्रम यावा यात मला त्या नाटककाराचा कान दिसतो. राजाच्या तोंडी धागा आला असता आणि तिथंच थांबला असता. विणकराला माहीत असतं की धागा कापला तरी मागावर थ्रम उरतो. त्याला सगळंच संपवायचं होतं, म्हणून त्यानं उरलेलंही कापायला सांगितलं. इंग्रजीत पुढे ‘धागा नि थ्रम’ म्हणजे बरं-वाईट सगळं, असा अर्थ रूढ झाला.

थ्रम फेकून देत नसत. त्याची टोकं लोकरीत किंवा कापडात ओवून केसाळ टोप्या करायचे. शेक्सपिअरच्याच दुसऱ्या एका नाटकात अशी थ्रम लावलेली टोपी आहे. खलाशी शिडाच्या जाड कापडाला किंवा दोरखंडाच्या चटईला सुताची आखूड टोकं दाट टोचून घ्यायचे. जहाजाला भोक पडलं की ते बाहेरून त्यावर ओढायचं. पाण्याच्या दाबानं ती टोकं फटीत शिरून बसायची आणि गळती आवरायची. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये हातमोज्यांच्या आत लोकरीचे झुपके विणून घेतात, त्यांनाही थ्रमच म्हणतात. सोलापुरी टॉवेल हातात घ्या म्हणजे हे कळेल. टर्किश टॉवेलला दोन ताणे लागतात. एक घट्ट, एक सैल. सैल ताणा फणीच्या ठोक्यानं वर उचलला जातो आणि त्याची वेटोळी होतात, तीच पाणी पितात. सुताची मोकळी टोकं अंगावर घेतलेलं कापड ऊब धरतं, पाणी धरतं, हे ज्ञान सगळीकडच्या विणकरांकडे होतं. (सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना महाराष्ट्रातून पहिल्यांदा भौगोलिक मानांकन मिळालं. गावात याचा अभिमान आहे आणि असायलाच हवा.)

स्कॉटलंडमध्ये किरिमुइर नावाचं विणकरांचं गाव आहे. पीटर पॅन लिहिणारे जे. एम. बॅरी तिथले, वडील हातमागावर विणायचे. बॅरींनी कथांमध्ये आपल्या गावाला नाव दिलं थ्रम्स. मला कुणी सोलापूरचं नाव बदलून गोष्ट लिहायला सांगितली तर मलाही दुसरं सुचणार नाही.

आणि मग डार्विन.

(प्रिम्युलाच्या फुलाचं जवळून चित्र.)

हा भाग मी सगळ्यात जास्त वेळा वाचलाय. प्रिम्युला नावाचं छोटं फूल आहे. त्याची झाडं दोन प्रकारची असतात. एका झाडाच्या फुलांत नळीच्या तोंडाशी एकच हिरवट गोळी दिसते, टाचणीच्या डोक्यासारखी. ती स्त्रीकेसराची. पुंकेसर आत खोल लपलेले. दुसऱ्या झाडाच्या फुलांत उलटं : तोंडाशी पुंकेसरांचा झुपका आणि स्त्रीकेसर आत, आखूड. इंग्रज फूलवाले पहिल्याला पिन-आइड म्हणायचे, दुसऱ्याला थ्रम-आइड. डार्विननं वर्षानुवर्षं या फुलांवर प्रयोग केले, 1862 मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्याला दिसलं की एका प्रकारचा पराग दुसऱ्या प्रकारावर पडला तर बी भरपूर धरतं. आपल्याच प्रकारावर पडला तर कमी. कीटकाच्या सोंडेवर पराग अशा जागी लागतो की तो नेमका दुसऱ्या प्रकारच्या फुलात पोचावा. फुलाची रचनाच तशी.

1877 मध्ये, म्हणजे इकडे सोलापुरात पहिली गिरणी सुरू होत होती त्याच वर्षी, या विषयावरचं त्याचं पुस्तक आलं. त्यात थ्रम या शब्दापाशी तो क्षणभर थांबतो. जॉन्सनच्या शब्दकोशात थ्रम म्हणजे विणकराच्या धाग्यांची टोकं असं दिलंय, हे सांगतो आणि अंदाज करतो की फुलं लावणाऱ्या कुणा विणकरानं हे नाव दिलं असावं. फुलाच्या तोंडाशी तो केसरांचा झुपका बघून त्याला आपल्या मागावरची टोकं आठवली असावीत.

तिथल्या विणकरांना फुलांचं वेड होतं, हे खरंच आहे. स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावचे शाल विणणारे विणकर पिंक जातीच्या फुलांसाठी नावाजलेले होते, पाकळ्यांवर नक्षीच्या रेघा आणायचे. घरी बसून काम, खिडकीशी माग, खिडकीत कुंडी. दिवसभर डोळ्याला धागा, मान वर केली की फूल. त्यातल्याच कुणीतरी एका नाव-गाव न राहिलेल्या माणसानं फुलाला आपल्या कामातला शब्द दिला असावा, आणि तो आज वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात आहे. मला त्या माणसाला बघायचं होतं.

थ्रम म्हटलं की आजच्या इंग्रजी वाचकाला आधी आवाज ऐकू येतो. इंजिनाची लांबून येणारी घरघर, तारा छेडल्यावर घुमत राहणारा नाद. पण तो थ्रम वेगळा. तो सोळाव्या शतकाच्या शेवटाकडे आला, आवाजावरून घडलेला, आपल्या घणघण, गुणगुण यांसारखा. दोघांचं लिहिणं एक, मूळ निराळं. कोशात ते दोन वेगवेगळ्या नोंदींत असतात. मला हे पटायला वेळ लागला. शेडच्या आत माग खडखडतात, शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. पण चार घरं पलीकडे तोच आवाज भिंतींतून गाळून येतो आणि सलग, खालच्या पट्टीत घुमतो. ज्या मागावर थ्रम उरतो त्याच मागातून थ्रम ऐकू येतो. मूळ वेगळं असेल. सोलापूरच्या कानाला ते वेगळे वाटत नाहीत.

(रात्र. गच्चीवरून दिसणारा पूर्व भाग.)

आता आजीकडे येतो. माझ्याजवळ या गोष्टीला शब्द नाही असं मला वाटलं होतं, ते चूक होतं.

अमावास्येनंतर बीजेची बारीक कोर पश्चिमेला दिसली की आजी आम्हाला गच्चीवर न्यायची. लुगड्याच्या पदराच्या टोकाचा एक धागा ओढून काढायची, चंद्राकडे धरायची, हात जोडायची. “जुनं घे, नवं दे.” आम्हीही सदऱ्याचा, टॉवेलचा एखादा धागा ओढायचो. या धाग्याला ती म्हणायची दशी. चंद्राला दशी वाहायची.

दशी. अनेकवचनी दशा. उपरण्याच्या, पंचाच्या टोकाला न विणलेला ताणा सुटा ठेवलेला असतो त्या दशा. कोशात थ्रम वाचून मी चकित झालो तेव्हा आजी जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि तिचा शब्द माझ्या लक्षातच आला नाही. तो आठवला पुढे, अमरकोश चाळताना. तिथं दशा हा वस्त्राच्या टोकांचा शब्द आहे, स्त्रीलिंगी आणि बहुवचनात चालणारा. स्मृतिग्रंथांत धर्मकार्यासाठी जे अहत वस्त्र सांगितलंय त्याची ओळख अशी : नवं, पांढरं, किंचित धुतलेलं, कुणी न नेसलेलं आणि सदश. दशांसकट. म्हणजे मागावरून उतरलं तसं, टोकं शाबूत असलेलं.

संस्कृत कोशात याच दशा शब्दाखाली आणखी दोन अर्थ येतात. एक दिव्याची वात. दुसरा माणसाची अवस्था, जो आपण रोज वापरतो : काय दशा झाली, दुर्दशा, शनीची दशा. कापडाचं टोक, जळणारी वात आणि माणसावर आलेला काळ. इंग्रजीनं धाग्याच्या टोकात हद्द पाहिली. आपल्याकडे त्याच टोकापाशी दिवा लागला.

मराठीत हा शब्द आता फक्त आजीच्या वयाच्या बायकांच्या तोंडी उरलाय. गावात एवढे माग, एवढं सूत, आणि पोरांना दशी माहीत नाही. याचं मला वाईट वाटतं. फुलाला विणकराचा शब्द मिळतो आणि तो टिकतो. आमच्या घरातला शब्द घरातच विरत चाललाय.

(शेड. दोन माणसं नवीन बीम ढकलत आणतात.)

मघाच्या मागापाशी परत येऊ. नवीन बीम आलंय. ते मागच्या बाजूला चढवतात. आता यातला एकेक धागा वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या दातातून ओवायचा म्हटलं तर सगळा दिवस जाईल. ताण्यात हजारांवर धागे असतात. म्हणून तसं करत नाहीत. मागावर उरलेल्या जुन्या धाग्यांची टोकं अजून वहीत, फणीत आपापल्या जागी ओवलेली आहेत. जुन्या प्रत्येक धाग्याला नवीन धागा जोडायचा, त्याच क्रमानं, एकही न चुकता.

(गाठी मारणाऱ्या अण्णांच्या बोटांवर कॅमेरा. बोलणं नाही. फक्त गाठी.)

अण्णांनी वयाच्या पंधराव्या वर्षी हे काम धरलं. धागा घ्यायचा, बोटाला चिमूटभर राख लावायची, पीळ द्यायचा, गाठ सरकवायची, पुढचा. डोळे बोटांवर नसतात. घरी त्यांची बायको विड्या वळते. तिचे डोळेही तसेच, आणि विडीच्या तोंडालाही शेवटी धागाच गुंडाळायचा.

मी त्यांना विचारलं, “अण्णा, ह्या जुन्या टोकांना तुम्ही काय म्हणता?”

“काय म्हणायचं? सूत.” मग चार गाठी झाल्यावर म्हणाले, “आई दशी म्हणायची.”

सगळ्या गाठी झाल्या की ताणा हळूहळू पुढे ओढतात. गाठी वहीतून येतात, एखादी अडते, तिला बोटानं वाट करून देतात. मग फणीतून येतात. जुना धागा पुढे, त्याच्या मागे नवा. सगळ्या गाठी फणीच्या अलीकडे आल्या की जुनी टोकं कापतात. नवा ताणा आता स्वतःच्या जागी ओवलेला असतो.

कापलेल्या टोकांचा झुपका खाली पडला. अण्णांनी तो उचलला, त्यातली एक जुडी वेगळी केली, मागाच्या चौकटीवरच्या खिळ्याला अडकवली. विणताना मधेच धागा तुटतो, तेव्हा सांधायला तेवढंच सूत लागतं.

(खटका दाबण्याचा आवाज. माग सुरू. खिळ्यावरची जुडी हलू लागते.)